डास घाट चढून आले

आमच्या ह्यांचा उभा जन्म डासांत गेला. तरुणपणी सरकारी हिवताप खात्यात चिकटले ते तिथेच मुरले. लोकांच्या दिवाणखान्यात लग्नाचा फोटो असतो. आमच्याकडे डासाच्या मादीचं रंगीत चित्र होतं, तेही माझ्या फोटोपेक्षा मोठं. ह्यांना सगळे डाससाहेब म्हणत. मला डासीणबाई म्हणत, पण माझी पाठ वळल्यावर.

निवृत्ती जवळ आली तोवर खालच्या शहरात राहणं म्हणजे तव्यावर संसार मांडणं झालं होतं. उन्हाळा पूर्वीही असायचा, पण पाहुण्यासारखा यायचा आणि जायचा. आता तो घरजावई होऊन बसला. पंखा लावला की गरम फुंकर यायची, नळ सोडला की चहाचं पाणी. ह्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, तिथल्या सरकारी इस्पितळात नर्स होत्या. त्या सांगायच्या, "वहिनी, एकेका खाटेवर दोन-दोन माणसं झोपवतोय. याचं डोकं इकडे, त्याचं तिकडे. दोघांनाही ऊन लागलेलं, शुद्ध नाही धड, पण पाय लागला म्हणून भांडायला मात्र शुद्धीवर येतात."

ह्यांनी कोणाकोणाचे पाय धरले देव जाणे, पण घाटावरच्या थंड हवेच्या गावी बदली मिळवली. खात्यात त्या जागेला सगळे माहेर म्हणत. तिथे डासच नव्हते. आधीच्या साहेबांनी म्हणे नोकरीभर गुलाबांना खत घातलं आणि मोठा हार गळ्यात घालून निवृत्त झाले. मी स्वतः शाळेत भूगोल शिकवलेला. उंचीवर हवा थंड आणि आरोग्यदायी असते, हे मी मुलांकडून घोकून घेतलं होतं. ज्यांना येत नसे त्यांना बाकावर उभं केलं होतं. मी आनंदाने स्वेटर बाहेर काढले.

वरच्या गावच्या नगराध्यक्षांना सगळे काका म्हणत. गावातलं सर्वांत मोठं गेस्ट हाउस त्यांचं, पोट त्याला शोभेल असं, आणि आवाज दोन्हींना पुरून उरेल असा. पहिल्याच भेटीत त्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली.

"डाससाहेब, इथे नुसतं हवा खा आणि झोपा. आमच्याकडे डास फिरकत नाहीत. त्यांना घाटात गाडी लागते!"

हे एवढे हसले की मला वाटलं, बढतीच मिळाली.

पण आम्ही पोचलो त्या वर्षी हवेनेच बदली मागितली असावी. स्वेटर ट्रंकेत परत गेले. खाली भाजून निघालेली माणसं बसगाड्या भरभरून वर येऊ लागली. काकांनी खोल्या दिल्या, गच्ची दिली, शेवटी जिन्याखालची जागासुद्धा "निसर्गरम्य" म्हणून दिली. त्यात गावाचे झरे आटले. पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आला तर. मग घरोघरी पिंपं, टाक्या, बादल्या, जे मिळेल ते भरून ठेवायचं. आमच्याही न्हाणीघरामागे ह्यांनी एक भलंमोठं निळं पिंप आणून ठेवलं. झाकण तुटकं होतं. मी म्हटलं तर म्हणाले, "राहू दे गं, इथे कशाला हवंय झाकण?"

एका सकाळी मी व्हरांड्यात पेपर वाचत होते. पोटरीला काहीतरी चावलं. फटका मारला, बघते तर तळहातावर डास. पायांवर पांढरे पट्टे. मी उठून भिंतीवरच्या चित्राशेजारी हात धरला. जुळ्या बहिणी!

"अहो, बघा जरा."

ह्यांनी चष्मा लावला. पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "चिलट आहे."

"चिलट? हिचे पट्टे बघा."

"चिलटांनाही असतात."

"इतकी वर्षं तुम्ही झोपेतसुद्धा हिचं वर्णन बरळत आलात!"

"हे बघ," ते म्हणाले, "मी इथे विश्रांतीला आलोय. ते चिलट आहे." आणि माझ्या तळहातावरून पुरावा फुंकून टाकला.

मग ताप सुरू झाला. आधी दूधवाला पडला, मग शाळेतली दोन पोरं, मग गेस्ट हाउसचा आचारी. अंग असं दुखायचं की माणूस कूस बदलताना पूर्वजांना हाका मारायचा. गावात एकच डॉक्टर, सगळे त्यांना गोळी डॉक्टर म्हणत, कारण ताप असो की तंटा, ते गोळीच देत. त्यांनी निदान केलं, "हवाबदलाचा ताप." आता मला सांगा, पाहुण्यांना हवाबदल झाला हे समजू शकतं. दूधवाला तर जन्मापासून तिथलाच!

लोक कुजबुजायला लागले आणि कुजबुजीचं पर्यवसान सभेत झालं. नगरपालिकेच्या हॉलमध्ये अख्खं गाव लोटलं. किराणावाली उठून थेट ह्यांच्याकडे बोट करून म्हणाली, "आमच्या बापजाद्यांनी इथे डास पाहिला नव्हता. हे साहेब आले आणि डास आले. यांच्या सामानातून आले!"

"गाद्यांतून आले असतील," मागून कोणीतरी म्हणालं.

"मग बदली करा आणि डासांसकट परत पाठवा!"

हे उभे राहिले. मला वाटलं, आता तरी खरं बोलतील. घसा खाकरून म्हणाले, "मंडळी, मी या विषयातला तज्ज्ञ आहे. मी डास आणणं शक्यच नाही, कारण गावात डासच नाहीत. ती चिलटं आहेत."

काकांनी टाळ्या वाजवल्या. गिऱ्हाइकांचा मोसम, गेस्ट हाउस भरलेलं, त्यांना आणखी काय हवं होतं? तिथल्या तिथे ठराव झाला की गावात डास नाहीत. ठरावाच्या बाजूने हात वर करताना निम्मे लोक दुसऱ्या हाताने मान खाजवत होते.

सभेहून घरी येताना हे वाटेतच कुडकुडायला लागले. दुसऱ्या दिवशी डोळ्यांची खोबण दुखतेय म्हणाले, मग पाठ, मग गुडघे, मग ज्याचं नाव त्यांना आठवेना असं प्रत्येक हाड.

मी कपाळावर ओला रुमाल ठेवत विचारलं, "चिलट चावलं वाटतं?"

नवऱ्याच्या आजारपणात असं बोलू नये हे मला कळतं. पण मलाही माणसाचंच मन आहे.

वन्संना फोन केला. त्या तपासणीचं किट घेऊन पहिल्या बसने वर आल्या. दारात पिशवी टाकली आणि म्हणाल्या, "दादासाठी आलेय असं समजू नका. मला गार हवेत एक झोप काढायचीय." मग घामाने चिकटलेला पदर सोडवत आजूबाजूला पाहिलं. "आणि ही तुमची गार हवा?"

बोटाला सुई टोचून त्यांनी रक्त पाहिलं. डेंगी. "दादा," त्या म्हणाल्या, "तू सगळ्यांना ज्याची भाषणं दिलीस, तेच तुला झालंय. आता पड आणि पाणी पी."

पाणी आणायला मी न्हाणीघरामागे गेले आणि निळ्या पिंपात तांब्या बुडवला. वर काढला तर पाणी वळवळत होतं. मी काचेचा पेला भरला आणि तसाच ह्यांच्या नाकासमोर धरला.

ते बराच वेळ बघत राहिले. आयुष्यभराची माया डोळ्यांत आली. "किती निरोगी अळ्या आहेत गं," ते पुटपुटले. मग त्यांना समजलं की हा पेला आपल्याच घरचा आहे. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

चार-पाच दिवस असेच गेले. एका सकाळी त्यांनी विचारलं, "शाळेची घंटा वाजली नाही का आज?"

शाळेचे शिपाई, घंटावाले मामा, आदल्या दिवशी गेले होते. म्हातारबुवा आम्हाला दोघांनाही आवडायचे. येता-जाता ह्यांना म्हणायचे, साहेब, काम नसलेली नोकरी नशिबाने मिळते. त्यांनाही तोच ताप. गोळी डॉक्टरांनी हवाबदल सांगितला. ताप उतरला, म्हणून मामा खुशीत कामावर हजर झाले. हा ताप उतरला की मगच जास्त जपायचं असतं, हे त्यांना सांगायला हवं होतं आणि गावात ते सांगण्यासाठी पगार घेणारा माणूस एकच होता. मामा घंटेखालीच कोसळले. हिरड्यांतून रक्त येत होतं. खालच्या इस्पितळात न्यायला गाडी निघाली, ती घाटातूनच परत आली.

मी हे सगळं ह्यांना सांगितलं.

अंगात थोडा जोर येताच ह्यांनी कपडे घातले, आणखी एक पेला भरला आणि काठी टेकत गेस्ट हाउसकडे निघाले. मी आणि वन्सं मागोमाग. जेवणघरात पाहुणे नाश्ता करत होते. ह्यांनी पेला मधल्या टेबलावर ठेवला.

"काका, हे डास आहेत. थोड्या दिवसांत पंख फुटतील. माझ्या घरात सापडले. मी सभेत खोटं बोललो, आणि मामा गेले."

"हळू बोला!" काका धावत आले. "पाहुणे ऐकतायत!"

"ऐकू देत. त्यांच्यातले काही खालून रक्तात ताप घेऊन येतात. आपल्या पिंपांतले डास तो घेतात आणि घरोघरी पोचवतात. पूर्वी इथली थंडी डासांना मारायची. आता ती थंडी राहिली नाही."

एका पाहुणीने आपल्यासमोरचं पाणी हळूच दूर सरकवलं. काकांचा चेहरा पडला. तेवढ्यात आतल्या दारातून काकू आल्या, काकांच्या पत्नी, शाल गुंडाळलेल्या, तापाने डोळे लाल.

"मला पण तोच झालाय ना?" त्यांनी विचारलं. "आणि तुम्ही सगळ्यांना सांगताय, बायको माहेरी गेलीय म्हणून?"

काका त्यांना आत न्यायला धावले. तोवर किराणावाली दारात येऊन थडकली होती. "पिंपं ओतायला सांगाल तर याद राखा," ती म्हणाली. "टँकर येणार कधी? आम्ही काय अंघोळ थुंकीने करायची?"

तिचं बरोबर होतं. हे म्हणाले, "ओतू नका. झाका. बारीक कापडाने गच्च बांधा, आणि पिंप रिकामं झालं की आतून घासून काढा. अंडी कडेला चिकटून बसतात."

"एवढं बारीक कापड आणायचं कुठून?"

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. काकांनी मोठ्या हौसेने मागवलेले पांढरे जाळीचे पडदे झुळझुळत होते. काकूंनी एक धरला आणि ओढला. दांडीसकट खाली आला. "अगं, पडदे!" काका ओरडले. "खोल्या बाहेरून दिसतील!" तोवर वन्संनी दुसरा काढला होता.

संध्याकाळपर्यंत गावातलं प्रत्येक पिंप नवरीसारखं नटून बसलं, आणि गेस्ट हाउसचे पाहुणे कपाटाच्या दाराआड उभे राहून कपडे बदलत होते. काही जण चिडून निघून गेले. बरेचसे राहिले, खाली जाऊन भाजण्यापेक्षा वर उघडं पडलेलं बरं, असा विचार त्यांनी केला असावा.

ताप एकदम गेला नाही. पण कमी झाला, आणि त्यानंतर कोणी दगावलं नाही. हे रोज घरोघर हिंडून टॉर्चने पिंपं तपासायचे. किराणावाली त्यांना "आले डासांचे बाप" म्हणायची, पण चहा द्यायची. गोळी डॉक्टर आता रक्त तपासून मगच गोळी देतात. वन्संनी वर बदली मागितली आणि मिळाली. त्या म्हणतात, तिकडे ऊन लागलेली माणसं, इकडे डास लागलेली, निदान इथे एका खाटेवर एकच असतं.

परवा आमच्याहून उंचावरच्या वस्तीतून फोन आला. तिथल्या शाळेच्या बाई होत्या. "आमच्याकडे डास मुळीच नाहीत," त्या म्हणाल्या. "एवढ्या उंचीवर कसे असतील? पण साहेब मोकळे असतील तर जरा येऊन बघून जातील का? माझ्या मुलीला ताप आहे."

हे पायांत बूट घालत होते. मी विचारलं, "डबा किती दिवसांचा देऊ?"

"जास्तच दे," ते म्हणाले.