जाते नव्हे, येतो

हरीश आणि आशा रविवारी वेम्बलीहून जेवायला येणार, हे कधीचंच ठरलं होतं. नका येऊ म्हणून कळवायला सुमेधानं फोन उचलला असता, आणि नेमका तेव्हाच रेखाचा फोन लागला नसता तर? लंडनमधल्या एजवेअरच्या त्या घरात काल संध्याकाळपासून फोनला कुणी हात लावला नव्हता. तिच्या नवऱ्यानं, श्रीकांतनं, आज ड्यूटीवर येत नाही हे हॉस्पिटललासुद्धा कोपऱ्यावरच्या फोनबॉक्समधून कळवलं होतं. त्यामुळे पाहुणे आले, बर्फीचा डबा घेऊन आले, आणि ऐसपैस बसले.

रेखा ही सुमेधा आणि श्रीकांतची एकुलती एक मुलगी. चिनी भाषा शिकायला वर्षभरासाठी बीजिंगला गेलेली. काल तिथं सैन्यानं निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, शहराच्या मोठ्या चौकात रणगाडे घुसले. आणि मागच्याच फोनवर पोरगी हौसेनं सांगत होती की मैत्रिणींबरोबर ती रोज त्याच चौकात असते.

"अगं, युनिव्हर्सिटी लांब असेल की तिथून," आशा म्हणाली आणि धीर देऊन झाला असं समजून तिनं मूळ विषय काढला. सप्टेंबरमध्ये दोघं चीनच्या टूरवर जाणार होती. "आम्ही प्युअर व्हेजिटेरियन ना गं! रेखा काय खाते तिथं? भाजीत बेडूक-बिडूक घालत नाहीत ना?"

"भात खाते. टोफू खाते," सुमेधा म्हणाली. आज पोरीच्या पोटात काही गेलं असेल का, कोण जाणे.

"आणि तो जुन्या बादशहांचा राजवाडा एका दिवसात होतो का बघून?" हरीशला इमारतींचं भारी वेड. उत्तराची वाट न बघता तो आवाज बंद केलेल्या टीव्हीकडे वळला. पडद्यावर लाल भिंतीचा भव्य दरवाजा दिसत होता. "अरे, हाच की तो! केवढा प्रचंड आहे!"

दरवाजासमोर रणगाडे उभे होते. ते त्यालाही दिसले, तेव्हा तो ओशाळला. श्रीकांतनं उठून टीव्ही बंद केला.

सुमेधा पोळ्यांचं निमित्त करून आत आली. कणीक मळता मळता तिला पुन्हा तेच आठवलं. हीथ्रोवर निघताना रेखा म्हणाली होती, "आई, मी जातो." इथं जन्मलेली पोर, मुलीनं 'जाते' म्हणायचं हे तिच्या जिभेला कधी वळलंच नाही. सुमेधानं सवयीनं दटावलं, "जातो काय? जाते म्हण."

"जाते," रेखा हसून म्हणाली आणि वळून गेलीसुद्धा.

घरातून निघताना कधी 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पण व्याकरणाच्या नादात सुमेधानं पोरीकडून नको ते वदवून घेतलं होतं. श्रीकांतला सांगावं तर तो म्हणणार, काहीतरीच काय! कालपासून ते तिला आतून कुरतडत होतं. देवा, माझ्या चुकीची शिक्षा तिला नको, असं ती परातीकडे बघत म्हणत राहिली.

फोन वाजला.

श्रीकांत उठेपर्यंत तिनं कणकेच्या हातानंच रिसीव्हर उचललाही होता. नुसती खरखर. मग कुणीतरी चिनीत काही बोललं. मग पुन्हा खरखर.

"आई? मी आहे. मी ओके. हॉटेलमध्ये आहे, आमचे टीचर्स बरोबर. रस्ता बंद आहे, पण तिकीट मिळाला की आई, मी येतो. ऐकू येतंय? मी येतो!"

'येतो काय, येते म्हण', अगदी जिभेवर आलं होतं. सुमेधानं ते गिळून टाकलं.

"ये बाळा," ती म्हणाली. "ये."

लाइन तुटली. तिघंही तिच्याभोवती उभी होती. "काय म्हणाली गं?" आशानं विचारलं.

सुमेधाला हुंदका आवरेना. "येतो म्हणाली," ती म्हणाली. "माझी पोर येतो म्हणाली."