शेवटाची शाई

शेवटाचा रंग करू नये, असं आमचे हे पहिल्यापासून सांगत आले होते. "कादंबरीच्या मधलं काहीही घे," ते म्हणायचे. "धुकं घे, पडदे घे, कुणाची शाल घे. शेवट तेवढा नको. ज्याने वाचलेली नसेल त्याचा विरस होतो." मला ते पटायचं. ग्रंथपाल माणूस, अख्खा जन्म पुस्तकांत गेलेला. तो म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार, असं मी धरून चालायचे. आणि असं धरून चालण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आमचा धंदा म्हणजे जुन्या, गाजलेल्या कादंबऱ्यांवरून फाउंटन पेनच्या शाया करायच्या. गिऱ्हाईक पेनवालं. ही एक अजब जमात आहे. बाटली उजेडात धरून तासभर फिरवतील, सुकल्यावर कडेला लाली येते का ते विचारतील, टिपकागद मागतील, आणि एवढं सगळं झाल्यावर कागदावर लिहिणार काय, तर स्वतःचीच सही.

मी रसायनशास्त्राची. कापड रंगवायच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली. घराच्या मागच्या खोलीत माझा ओटा, वजनकाटा, काचेची भांडी. खिडकीशी यांची खुर्ची. मी रंग तोलायचे, ढवळायचे, गाळायचे, आणि हे कादंबरी वाचून दाखवायचे. हात सदा निळे-जांभळे, त्या हातांनी पुस्तकाला कसं शिवणार, असं मी लोकांना सांगायचे.

खरं कारण भिंगरी. आमची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव पडलं. नऊ वर्षांची होती. ताप आला, तो डोक्यात गेला, आणि पंधरवड्यात ती गेली. त्यानंतर मला वाचता येईना. छापलेली ओळ समोर आली की चार शब्दांतच मी भरकटायचे, वर्तमानपत्रसुद्धा नकोसं झालं. तेव्हा हे रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायला लागले. कान गुंतले तसे हातही काही मागायला लागले, आणि त्यातून पहिली शाई झाली. या माणसाने मला वाचून वाचून जगवलं, असं मी येईल त्याला सांगत असे. मला त्याचा अभिमान होता.

तर एकदा यांनी नावाड्याच्या मुलीची एक कादंबरी वाचायला घेतली. नदीला पूर, बाप पलीकडे अडकलेला, आणि पोर एकटीच होडी सोडते. शेवटचं प्रकरण यांनी वाचलं तेव्हा मी ढवळायचं थांबवून बसून राहिले. उजाडतं, होडी काठाला लागते, थकलेली पोर होडीतच झोपलेली असते आणि बाप तिला उचलून घेतो. मी पोटभर रडले. पण ते रडणं बरं वाटलं. म्हटलं, याची शाई झालीच पाहिजे.

"नको," हे म्हणाले.

"का नको?"

"सांगितलंय ना. शेवट आहे तो."

"लोकांनी वाचलेलीच असते हो. तेवढ्याचसाठी तर घेतात."

"तुला एकदा सांगून कळत नाही का?" असं म्हणून हे उठून गेले. आवाज न चढवणारा माणूस तो. मी चकित झाले, पण मागे लागले नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या वन्संचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि हे त्यांच्याकडे गेले. मला मैदान मोकळं. पिवळ्यात नारिंगी, त्यात अगदी थेंब-दोन थेंब गुलाबी. ओली असताना उन्हासारखी लख्ख, सुकताना कडेला गुलाबी उमटणारी. आजवर केलेल्यांत सगळ्यात देखणी शाई. नाव ठेवलं 'उगवती'. लेबलावरचा मजकूर नेहमी हे लिहायचे. या खेपेला मीच लिहिला: 'नावाड्याची लेक काठाला पोचते, तेव्हाचं पाणी.' वाटलं, इतकी सुरेख निघाली आहे की रागावून रागावतील किती?

हे परतायच्या आत पेनांचं प्रदर्शन होतं, तिथे पहिली बाटली एका चष्मेवाल्या बाईंनी घेतली. कॉलेजात साहित्य शिकवून निवृत्त झालेल्या. दुपारी त्या परत आल्या, बाटली हातात.

"रंग फार गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण लेबल कुणी लिहिलंय?"

"मीच."

"ती पोचत नाही हो. बुडते. सापडतसुद्धा नाही."

"पोचते की. बाप उचलून घेतो तिला."

त्या हसल्या, पण प्रेमळपणे. "मी ती कादंबरी वर्षानुवर्षं शिकवली आहे. शेवटच्या पानावर नुसतं पाणी आहे. राखाडी."

मी वाद घातला नाही. लेबल बदललं गेलं असेल, दुसऱ्या पुस्तकाचं असेल, असं काहीबाही बोलले. संध्याकाळी घरी आले, हात न धुता कपाटातून ते पुस्तक काढलं आणि शेवटचं पान उघडलं. अक्षरं पळायला लागली. मी बोटाने एकेक शब्द धरून ठेवला आणि वाचलं. बाई बरोबर होत्या. होडी सापडते, उलटी. बाप काठावर बसून राहतो. संपलं.

मग मी एकेक पुस्तक काढत गेले. दीपगृहातली म्हातारी मुलाची वाट बघत मरते. माझ्याकडे तो आला होता, तिच्यासाठी गरम कोट घेऊन. सावत्र भावांतला धाकटा थोरल्याला विष घालतो. माझ्याकडे ते दोघे एका ताटात जेवत होते. पुस्तकांतली सगळी मेलेली माणसं माझ्या घरात जिवंत होती.

खरं सांगते, आधी मला हसू आलं. मग भरून आलं. रोज संध्याकाळी समोर पुस्तक धरायचं, पान उलटायचं आणि त्यात नसलेलं वाचायचं, तेही न अडखळता. केवढा उपद्व्याप, आणि तो कुणासाठी? माझ्यासाठी. पानांवर माझी पिवळी बोटं उमटली होती, ती पुसत मी मनात म्हटलं, येऊ दे घरी, चांगली फिरकी घेते.

भांडी घासायला घेतली आणि हात थांबले.

भिंगरी गेली त्या दुपारी मी दवाखान्यात नव्हते. दोन रात्री तिच्या उशाशी बसून काढल्या होत्या. यांनीच मला घरी पाठवलं, "आंघोळ करून ये, मी आहे ना." मी परत पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. काय झालं, ते यांनी मला सांगितलं. तिने विचारलं, आई आंघोळीला गेली का. हे म्हणाले, हो, येईलच आता. तिने यांच्या मांडीवर डोकं ठेवलं, यांचं बोट मुठीत धरलं आणि झोपेतच गेली. त्रास झाला नाही. ती मूठ मी इतक्या वर्षांत किती वेळा बघितली असेल. कधी कधी यांचा हेवासुद्धा वाटायचा.

होडीत झोपलेली पोर. बाप उचलून घेतो.

नळ तसाच वाहत होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत हे घरी आले. वन्संची हालहवाल सांगत मागच्या खोलीत आले आणि ओट्यावर ओळीने मांडलेली पुस्तकं त्यांनी पाहिली. शेजारी 'उगवती'ची बाटली. पिशवी खाली न ठेवता ते खुर्चीत बसले.

"तुला बरं वाटावं म्हणून," ते म्हणाले.

"कळलं ते."

"सुरुवातीला एकच बदललं होतं. मग तू विचारायला लागलीस, पुढच्यात काय होतं, शेवट चांगला आहे ना म्हणून. मग काय करू?"

"पुस्तकांचं राहू दे," मी म्हणाले. "भिंगरीचा शेवट काय होता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्या दिवशी मी कितीही वेळ उभी राहिले असते.

"मला माहीत नाही," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"मी खोलीत नव्हतो. तिचा श्वास... आवाज यायला लागला होता. ते बघवेना मला. बाहेर येऊन जिन्यात बसलो. वाटलं, जरा बसतो आणि जातो आत. परत गेलो तर चादर ओढलेली होती."

"मग तिच्याजवळ कोण होतं?"

"नर्स असेल."

"असेल?"

"विचारलं नाही मी. विचारायचा धीर झाला नाही. तू येत होतीस, तुला काहीतरी सांगायला हवं होतं."

मला या माणसाचा इतका राग आला की ओट्याची कड घट्ट धरावी लागली. पळपुटा. पोरीला एकटं टाकून जिन्यात बसला, आणि वर मला तिची मूठ दिली. एका मागोमाग एक वाईट शब्द तोंडाशी आले. पण समोर खुर्चीत पिशवी पोटाशी धरून जे बसलं होतं, त्याला घालूनपाडून बोलायला काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं तो त्या जिन्यातच बसून होता. आणि मी तरी कुठे होते? घरी, अंगावर पाणी ओतून घेत.

मला वाटलं होतं, खरं कळलं की निदान जमीन तरी पायाला लागेल. तसं काही झालं नाही. हातात जे होतं तेही गेलं. आता त्या खाटेवर ती एकटी होती, तिच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि तो शेवट पुढे वाचून दाखवायला कुणी नव्हतं. मला आधीचाच हवा होता. खोटा म्हणा, काही म्हणा.

मी स्टूल ओढून यांच्या समोर बसले.

"परत सांगा," मी म्हणाले.

"काय?"

"आधी सांगितलं होतंत तसं."

"आता? आता कसं सांगू?"

"सांगा."

यांनी पिशवी खाली ठेवली. मग पुस्तक वाचतात त्या आवाजात सुरू झाले. "तिने विचारलं, आई आंघोळीला गेली का. मी म्हटलं, हो, येईलच आता. मग तिने..." आणि अडले. इतकी पुस्तकं न अडखळता वाचून दाखवणारा माणूस. मी थांबले. त्यांना जमणार नाही, हे दिसत होतं.

"मग तिने तुमच्या मांडीवर डोकं ठेवलं," मी म्हणाले. "तुमचं बोट धरलं."

"हो," हे म्हणाले.

"आणि झोपली."

"झोपली."