सरांचा हात

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. आमच्या छावणीतला ‘पैलवान’, ज्याला जागचा हलवायला दोघं लागतात, तो सरांनी हात जरासा दाबताच कलंडला होता. आणि कपाळाला काळा पट्टा बांधल्यावर तोच गडी खांबासारखा उभा!

“मेंदूला सूक्ष्म लहरी!” सर गरजले. “स्नायू जागे, बुद्धी तल्लख. आणि झोप? ती आता मागासलेली सवय!”

पट्ट्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. दिवा लुकलुकला की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. मोठे साहेबसुद्धा माना डोलवत होते.

मी छावणीच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. हे सर कॉलेजात मला शिकवायला होते. माझा धाकटा भाऊ इथेच ट्रक चालवतो. उद्यापासून तो हा पट्टा बांधून, झोप न घेता डोंगरातल्या रस्त्यावर गाडी नेणार होता. चाचणी म्हणे!

“तुझे सर म्हटल्यावर मी डोळे झाकून हो म्हटलं, ताई,” तो शेजारून कुजबुजला.

सरांनी पुन्हा करून दाखवलं. या वेळी मी त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि खेळ कळला. मी तडक मंचावर गेले.

“सर, मी दाबून बघू?”

“अगं, तू कशाला...”

“बघू दे की,” मोठे साहेब म्हणाले.

पट्टा बांधलेलाच होता. पैलवान पाय जुळवून, एक हात आडवा धरून उभा. मी त्याचं मनगट खाली आणि किंचित बाहेर दाबलं. पैलवान कलंडला. मग पट्टा काढून माझ्या खिशात टाकला आणि मनगट त्याच्या पायांच्या दिशेनं दाबलं. गडी हलला नाही.

“बाहेर दाबलं की तोल पावलांबाहेर जातो, माणूस पडतो. आत दाबलं की वजन पावलांवरच राहतं. पट्ट्याचा काही संबंध नाही.”

धाकट्याचा चेहरा उतरला होता.

“तुला हे कुणी सांगितलं?” सरांनी हळूच विचारलं.

“तुम्हीच, सर. पहिल्याच वर्षी. ‘असे भोंदू भेटतील’ म्हणाला होतात.”

त्यांनी मान खाली घातली. मला रडू आलं, रागही आला. ज्या माणसामुळे मी शंका घ्यायला शिकले, तोच माझ्या भावाला दरीच्या कडेला झोपेशी झुंजायला पाठवत होता.

चाचणी तिथेच रद्द झाली. धाकटा एवढंच म्हणाला, “परवा सरावात पट्टा बांधूनही मला डुलकी लागली होती, ताई. वाटलं, माझ्यातच खोट आहे.”

नाही रे बाबा. दमलेल्या माणसाला झोप लागते, त्यात खोट कसली! खोट चमत्कार दाखवणाऱ्यात असते. तो साधू असो की शास्त्रज्ञ, त्याला तोच खेळ उलटा करून दाखवायला सांगा. त्याच्या तोंडाकडे नको, हाताकडे बघा.

हेही मला सरांनीच शिकवलं होतं.