ढग नसताना चढणारं पाणी

आत्या समुद्राकडे बघतच नव्हती. ती मान वर करून आभाळ बघत होती.

"एक ढग नाही," ती म्हणाली. "कुठंच नाही. मग हे पाणी कुठनं यायलंय, पद्मा?"

डिसेंबरातली दुपार होती, चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही गिरगावच्या चौपाटीवर सतरंजी टाकून बसलो होतो. बाबा, म्हणजे मुकुंदराव, भेळ आणायला गेले होते. मी आत्याला भरती-ओहोटी समजावून सांगितली. चंद्र, पृथ्वी, ओढ, सगळं. उस्मानिया विद्यापीठातून बी. एस्सी. होऊन सहा महिने झाले होते आणि समजावून सांगण्याची मला हौस होती.

"चंद्र कुठाय?" आत्याने विचारलं.

"दिसत नाही. पण आहे."

"हौ," ती म्हणाली. हैद्राबादेत 'हौ' म्हणजे हो. पण आत्याचा हा 'हौ' नाही म्हणण्यासाठी होता.

आम्ही त्या पाण्याला जोखायलाच आलो होतो. नोव्हेंबरात हैद्राबाद राज्याचे तुकडे झाले आणि बाबांच्या सरकारी कचेरीतली मराठी माणसं मुंबईकडे पाठवायचं ठरलं. जायचं नसेल तर महिनाअखेर तसा अर्ज द्यायचा होता. मला मुंबईतल्या एका औषधांच्या प्रयोगशाळेने नोकरी देऊ केली होती. पण बाबा मुंबईत असतील तरच मी ती घ्यायची, असं घरात ठरलं होतं. आणि बाबा चतुराआत्याच्या शब्दाबाहेर नव्हते. आई गेल्यावर तिनेच आमचं बरकतपुऱ्यातलं घर चालवलं, आणि त्याआधी बाबांना वाढवलं होतं तेही तिनेच. मुसी नदीला पूर आला, १९०८ साली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि बाबा दोन. अफजलगंजातलं घर आईवडलांसकट गेलं. ही दोन पोरं एका झाडावर सापडली. एवढंच आम्हाला माहीत होतं. जास्त कुणी विचारलं नव्हतं.

बाबांचे सहकारी हिम्मतराव आधीच मुंबईत आले होते. त्यांनी आमच्यासाठी जागा बघून ठेवली होती, तळमजल्यावर दोन खोल्या. तिथून पाणी सहाशे चाळीस पावलांवर होतं. सकाळी मीच मोजली होती. आत्या म्हणाली होती, "पाणी बघते, मग सांगते." तिने हो म्हणावं म्हणूनच मी तिला इथे आणलं होतं.

एक चूक मात्र माझीच होती. हैद्राबादेत हुसेनसागर तलावाकाठी आम्ही नेहमी पाण्याला लागूनच बसायचो. इथेही तसंच बसलो, ओल्या, घट्ट वाळूवर. बाकीचे लोक मागे, भुसभुशीत वाळूत होते. पाण्यापासून इतक्या लांब असलेली वाळू ओली का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

पाच वाजायच्या सुमारास एका लाटेचा फेस सतरंजीच्या कडेला लागला. आत्या उडी मारून उठली.

"चला! वर चला सगळे!" ती आजूबाजूच्या लोकांना ओरडून सांगू लागली. "पाणी चढायलंय, दिसत नाही का?"

लोक हसले. एक कुरमुरेवाला म्हणाला, "मावशी, समुद्र रोजच वर येतो. तिकीट नाही लागत."

मला लाज वाटली. मी सतरंजी दहा पावलं मागे ओढली, वाळूतली एक काडी उचलली आणि पाण्यापुढे हातभर अंतरावर रोवली.

"आत्या, हे बघ. पाणी या काडीला आलं की आपण उठू. त्याआधी घाबरायचं काहीच कारण नाही. मी मोजतेय ना."

आत्याने काडीकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. तिने माझा दंड इतका जोरात धरला की बांगडी रुतली.

"काढ ती," ती म्हणाली. "काढ, काढ ती."

मी वाकले तोवर ती माझ्या बाजूला नव्हती.

पाण्याच्या अगदी कडेला पिवळ्या झग्यातली एक मुलगी बसली होती. दोन वर्षांची असेल. ओंजळीने वाळू डोक्यावर घेत होती. आत्याने तिला उचललं, छातीशी धरलं आणि पळत सुटली. सत्तावन्न वर्षांची माझी आत्या मी कधी पळताना पाहिली नव्हती. ती वाळू तुडवत सरळ वर, टिळकांच्या पुतळ्याकडे निघाली, कारण तिथे चौथरा होता. तेवढीच काय ती उंच जागा.

"पोर पळवली! अरे, धरा तिला!"

मी धावले. पायांखालची वाळू सरकत होती. मी पोचले तेव्हा आत्या चौथऱ्याच्या पायरीवर उभी होती आणि भोवती तीस-चाळीस माणसं जमली होती. मूल किंचाळत होतं. त्याची आई दोन्ही हातांनी त्याला ओढत होती.

"सोड! सोड माझ्या पोरीला!"

"कुठली हाय ही बाई?"

"बोलते बघा कशी. इकडची नाही."

"टोळी आहे यांची. मुलं नेतात न् विकतात."

"माझी आत्या आहे!" मी म्हणाले. "आम्ही हैद्राबादचे. त्या घाबरल्यात. भरती बघून..."

"भरती बघून पोर उचलतात व्हय?" एकाने माझ्या खांद्याला धक्का दिला. दुसऱ्याने पायातली चप्पल काढून हातात घेतली होती. मी ती चप्पलच बघत राहिले. ती उठली की बाकीचे हात थांबणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. बाबा कुठेच दिसत नव्हते.

आत्याला यातलं काही कळत नव्हतं. ती मुलीच्या कानाशी बोलत होती. "फांदी सोडू नको, मुकुंदा. हात सोडू नको." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी तिच्या नेहमीच्या आवाजात, "सोडलं तर जाईल गं हा."

चंद्राचं सगळं माझं सांगून झालं होतं. मी पायरी चढले आणि तिच्या गालांना हात लावले.

"आत्या, पाणी उतरलं."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"उतरलं?"

"उतरलं. मी बघून आले. दे तिला माझ्याकडे."

तिचे हात सैल झाले. आईने मुलगी हिसकून घेतली आणि आत्याला शिवी देत गर्दीतून निघून गेली. बाबा भेळेच्या पुड्या टाकून धावत आले. त्यांनी हात जोडले, पुन्हा पुन्हा माफी मागितली. चप्पलवाल्याने चप्पल खाली टाकली, पायात सरकवली. "म्हातारीला सांभाळा," तो म्हणाला. लोक हळूहळू पांगले.

मग आत्याने मान वळवून पाणी पाहिलं. आमची सतरंजी अर्धी बुडाली होती.

"उतरलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

आम्ही पायरीवरच बसून राहिलो. मग आत्या बोलू लागली, माझ्याकडे न बघता.

"आमच्या बाबांनी खिळ्यानं दारावर तीन रेघा मारल्या होत्या. शेजारपाजारचे चला चला म्हणत होते. बाबा म्हणाले, तिसऱ्या रेघेला आलं की निघू, मी मोजतोय ना. दुसऱ्या रेघेला आलं आणि भिंतच गेली."

बाबा तिच्याकडे बघत होते. पन्नास वर्षांच्या माणसाने आपल्या वडलांविषयी पहिल्यांदाच काही ऐकलं होतं.

"अक्का," ते म्हणाले, "उद्याच्या गाडीनं परत जाऊ. मी अर्ज देतो, हैद्राबादेतच ठेवा म्हणून. पद्माचं बघू पुढं काहीतरी."

प्रयोगशाळेला पत्र लिहून नकार कळवायचा, हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं. मला त्या क्षणी त्याचं वाईटही वाटत नव्हतं. मला फक्त इथून जायचं होतं.

"कशाला?" आत्या म्हणाली.

"काय कशाला?"

"अर्ज कशाला? आज नाही तर उद्या ही पोरगी येणारच इथं. तू आज अडवशील, मुकुंदा, उद्या मी मरेन, मग कोण अडवणार? ती येईल आणि काड्या रोवत बसेल." तिने पदराने तोंड पुसलं. "तुम्हाला दोघांना पाणी कळत नाही. ना तुला, ना हिला. मी येते."

"अक्का, तळमजला आहे तो."

"आहे ना. दार तरी लवकर गाठता येईल."

बाबा हसले. त्यांना वाटलं, ती सावरली. मला तसं वाटलं नाही. मी तिच्या मांडीवरचा हात बघत होते. त्याची बोटं वळलेली होती, अजून काहीतरी धरून ठेवल्यासारखी.

"हे पाणी आज उतरेल ना?" तिने मला विचारलं.

"सव्वासहाला भरती पुरी होईल. मग उतरेल. खरंच उतरेल."

"आणि उद्या?"

खोटं बोलायला मला पुन्हा जमलं असतं. "उद्या परत चढेल," मी म्हणाले. "रोज दोनदा. आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा."

आत्याने मान हलवली, दूधवाल्याची वेळ लक्षात ठेवावी तशी.

"म्हणजे कधी कधी झोपेत पण," ती म्हणाली. "बरं. मी जागी राहीन."