बुवांच्या पायाखालचे चार सोयाबीन

देवळासमोर एवढी गर्दी की कुणाच्या तरी उदबत्तीने माझ्या बाहीला भोक पाडलं. ल्याओबुवांच्या अंगात देव आला होता. बुवा उघड्या अंगाने घुमत होते आणि अख्खं गाव आ वासून बघत होतं.

"सी! सी!" बुवा किंचाळले. आमच्या चिनी बोलीत सी म्हणजे चार, आणि सूर जरा बदलला की सी म्हणजेच मरण. "हुईच्या हातगाडीसमोर वर्षात चार स्कूटर घसरल्या! खाली भूत आहे. गाडी हलवा!"

हुईकाकूंचा चेहरा पडला. त्याच नाक्यावर सोयादूध विकून त्यांनी मुली वाढवल्या होत्या. बुवांच्या भाच्याला तिथेच चहाचं दुकान टाकायचंय, हे मात्र देव बोलला नाही.

"बुवा, गावात नाके किती?" गणिताच्या त्सेंगबाईंनी विचारलं.

"असतील शंभर."

"आणि वर्षात स्कूटर किती घसरल्या?"

"शंभरेक," मी म्हणालो. दुरुस्तीचं दुकान माझंच. काकूंचा नाकाही मी तपासला होता. ना तेल, ना खड्डा.

"म्हणजे सरासरी नाक्याला एक. मग एकेकच का नाही घसरली?"

"भूत!"

बाईंनी अंगणातल्या शंभर फरश्या मोकळ्या करवल्या आणि काकूंचे शंभर सोयाबीन बुवांच्या ओंजळीत ओतले. "फरशी म्हणजे नाका, दाणा म्हणजे घसरलेली स्कूटर. उधळा. भुताला मध्ये घेऊ नका."

बुवांनी झोकात उधळले. सगळे वाकून मोजू लागले. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फरश्या कोऱ्या! साधारण तेवढ्यांवरच एकेक, काहींवर दोन-तीन आणि नळाजवळच्या एकीवर चार.

"नळाखाली भूत!" पोरं ओरडली.

"झाडून गोळा करा. आता काकू उधळतील."

काकूंनी पायरीवरून सगळा राग काढून उधळले. मोजायला बुवाही फरश्यांवर उतरले होते. चारांची फरशी शोधत लोक त्यांच्यापाशी येऊन थांबले.

"बुवा, जरा पाय उचला."

बुवांनी उचलला. चार!

"अगं बाई, हलवायचं कुणाला मग?" काकू म्हणाल्या, आणि देऊळ हसण्याने दणाणलं. अंगातला देव कधी निघून गेला, बुवांनाही कळलं नाही.

"नेम न धरता पडणाऱ्या गोष्टी सारख्या वाटून पडत नाहीत," बाई म्हणाल्या. "कुठे गोळा होतात, कुठे फिरकतच नाहीत. प्वासाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने याचा हिशेब कधीच मांडून ठेवलाय."

गाडी तिथेच आहे. तुमच्याही गावात कुणी 'चार' म्हणून किंचाळला, तर घाबरू नका. आधी कोऱ्या फरश्या मोजा.