करीमला विचारायचं

रुद्राणीबाई घरात आल्यापासून जोहराचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या लेकाचं, करीमचं कायदेशीर पालकत्व कुणाकडे द्यायचं, हे या समाजसेविकाबाईंच्या अहवालावर ठरणार होतं. करीम चांगला सव्वीस वर्षांचा बाप्या, पण समज लहान लेकराची, असं जोहरा सगळ्या मुखेडला सांगत आली होती. अर्ज दोघांचे होते, लातूरला दिलेल्या थोरल्या लेकीचा, रुखसारचा आणि चुलता अकरमचा. अकरमला हॉटेलात फुकट भांडी घासणारा हवा होता. गल्लीला हे ठाऊक होतं, तोंडावर बोलायची छाती कुणाची नव्हती.

त्यात करीमची खोड. दोन गोष्टी विचारल्या की गडी शेवटची उचलायचा. चहा की दूध? दूध. दूध की चहा? चहा.

म्हणून जोहरानं बाईंना दारातच गाठलं होतं. "म्याडम, अकरमचं नाव आधी घ्या, रुखसारचं मागून. लई उपकार होतील."

"खाला, मी दोन्हीकडून विचारणार. अन् तुम्ही मधे बोलायचं न्हाई."

जन्मभर पोराच्या वतीनं बोलत आलेली बाई ती. पदराचं टोक दातात धरून बसली.

"करीम, कुणाकडे राहशील? आपाकडे की चाचाकडे?"

"चाचाकडे."



"चाचाकडे की आपाकडे?"

"आपाकडे."

बाईंनी मग हे तोंडी विचारणंच सोडलं. गेल्या आठवड्यात त्या करीमला दोन्हीकडे नेऊन आल्या होत्या. तिथले फोटो त्यांनी सतरंजीवर मांडले. करीमनं हॉटेलचा फोटो लांब ढकलला आणि रुखसारच्या घराचा छातीशी धरला. जागा बदलून मांडले, तरी तेच. जोहराला हायसं वाटलं, डोळेच भरून आले.

"कधी जायचं? आत्ता, की अम्मी थकल्यावर?" बाईंनी विचारलं.

"आत्ता."

"त्याला कळलं न्हाई, म्याडम," जोहरा घाईनं म्हणाली. "पुन्हा विचारा. तसंच विचारा."

बाईंनी तसंच विचारलं.

"आत्ता," करीम म्हणाला आणि उठून चपला शोधायला लागला.

तिला हवं तेच झालं होतं. पण हे सारं आपल्या माघारी होईल, असं ती धरून चालली होती. न राहवून तिच्या तोंडून निघून गेलं, "अन् मी रे? मी कुणाकडे राहू?"

हे विचारणं बाईंच्या कामात कुठंच बसत नव्हतं. करीम मात्र चप्पल हातात धरून थांबला.