तेवीस नंबरची दीर्घिका

मीनाने कळफलकावरचा हात उचलला आणि हस्तलिखिताची दोन पानं मागे उलटली. मग पुन्हा पुढे आली. तक्त्यातल्या तेविसाव्या ओळीखाली पट्टी ठेवून तिने ती ओळ परत वाचली.

"सर, एक शंका आहे."

ललित देवरे बाकावर बसून उत्तरपत्रिका तपासत होते. गेले तीन आठवडे कॉलेज सुटलं की ते रोज अशोकस्तंभाजवळच्या या टायपिंगच्या दुकानात येत होते. भौतिकशास्त्राचा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध नऊ वर्षं रखडला होता. तो एकतीस मेच्या आत विद्यापीठात पोचायला हवा होता, कारण त्याच दिवशी त्यांचे मार्गदर्शक निवृत्त होणार होते. नव्याण्णव सालचा एप्रिल चालू होता. पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता.

"स्पेलिंग चुकलंय का?"

"स्पेलिंग नाही. पाचव्या प्रकरणात तुम्ही लिहिलंय, ज्या लहान दीर्घिकांमध्ये नवे तारे व्हायचे थांबले, त्या सगळ्या मोठ्या दीर्घिकेच्या शेजारी आहेत. सगळ्या. त्या शब्दाखाली रेघसुद्धा आहे. पण तक्त्यात तेवीस नंबरच्या जवळपास कोणीच नाही. अंतराचा आकडा बाकीच्यांच्या वीसपट आहे. आणि तरी वायूच्या रकान्यात शून्य."

सरांनी लाल पेनला टोपण लावलं.

"मीनाताई, तुम्ही टाइप करता की वाचता?"

"वाचल्याशिवाय टाइप कसं होणार, सर?"

ते उठून तिच्या खुर्चीमागे आले. पडद्यावरच्या त्या ओळीकडे त्यांनी पाहिलं, पण हस्तलिखिताशी आकडे ताडून पाहिले नाहीत. मीनाला कळलं, की ही ओळ त्यांना नवी नाही.

"काढून टाका ती," ते म्हणाले. "चाळीसच्या एकोणचाळीस होतील. पुढचे नंबर बदला."

मीनाने कर्सर तेविसाव्या ओळीवर नेला. या दुकानात तिने कोर्टाची प्रतिज्ञापत्रं टाइप केली होती, सोसायट्यांची भांडणं टाइप केली होती. खरं काय नि खोटं काय, हे तिने कधी विचारलं नव्हतं. ते तिचं काम नव्हतं.

"काढते. पण तिचं काय झालं असेल, सर?"

"कुणाचं?"

"हिचंच. तेवीस नंबरचं."

सर शेजारची खुर्ची ओढून बसले. "नऊ वर्षांत हे मला कोणी विचारलं नाही. प्रबंध कधी संपणार, एवढंच सगळे विचारतात."

त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर एक मोठं नि एक छोटं वर्तुळ काढलं. थंड वायू गोळा झाला, की त्यातून तारे होतात. वायू संपला, की नवे तारे होणं थांबतं. मोठ्या दीर्घिकेभोवती विरळ, तापलेल्या वायूचं भलंमोठं आवरण असतं. लहान दीर्घिका त्यातून वेगाने गेली, की मोटारसायकलवर डोक्यावरची टोपी उडावी, तसा तिचा वायू मागे उडून जातो.

"ह्या एकोणचाळीस जणींचं असं झालं. तेवीस नंबरचं तसं म्हणता येत नाही. कदाचित ती पूर्वी कोणाच्या जवळून गेली असेल आणि आता लांब आली असेल. नाहीतर..." त्यांनी छोट्या वर्तुळात पेनचं टोक टेकवलं. "मोठाले तारे मरताना फुटतात. दीर्घिका लहान, म्हणजे तिची ओढ कमी. तिच्याच ताऱ्यांच्या स्फोटांनी तिचा वायू बाहेर फेकला जातो आणि तिला तो धरून ठेवता येत नाही. कोणाही शेजाऱ्याने काही न करता."

"मग आता तिथं काळोख?"

"छे. जुने तारे जळतायत की. लांबून पाहणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "यातलं खरं कोणतं, याचा पुरावा माझ्याकडे नाही. म्हणून ती ओळ नको होती. तुम्ही शिकलात किती?"

"एस.वाय. बी.एस्सी.पर्यंत. पेठ गावाहून येऊन इथं वसतिगृहात राहून शिकत होते. मग लग्न झालं, राहिलं." वाक्य नेहमीसारखं न अडखळता आलं. का कोण जाणे, आज ते तिच्याच कानाला खटकलं.

सर उठले, दारापर्यंत गेले. रस्त्यावरून एक रिकामा टेम्पो खडखडत गेला. ते परत वळले.

"ओळ राहू द्या. पाचवं प्रकरण टाइप करू नका. ते मला नव्याने लिहावं लागेल."

"मग एकतीस मे?"

"यंदा होत नाही," असं म्हणून त्यांनी कागद गोळा केले. घरी काय सांगायचं, याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तरी त्यांच्या पायऱ्या उतरण्यात गेल्या तीन आठवड्यांतली घाई नव्हती.

सातपूरच्या बसमध्ये मीनाला खिडकीजवळ जागा मिळाली. लग्नाला बारावं वर्ष चालू होतं. कोणी पाहुणा आला, की तिचा नवरा मनोज न चुकता म्हणायचा, "बाई हुशार हो, आमच्यामुळं हिचं शिक्षण राहिलं." कंपनीने त्याला पुण्याच्या कारखान्यात फोरमन म्हणून बोलावलं, तेव्हा त्याने तिच्या देखत नकाराचं पत्र लिहिलं होतं. "तुझं शिक्षण एकदा मोडलं ना, आता हे टायपिंगचं काम नाही मोडायचं." तेव्हा ती शेजारी बसून भाजी निवडत होती. निवडत राहिली होती.

ती घरी पोचली तेव्हा मनोज नुकताच कंपनीतली पाळी संपवून आलेला होता. आल्या आल्या आपला जेवणाचा डबा तो स्वतःच घासायचा; लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची त्याची ती रीत होती. डबा घेऊन तो मोरीकडे निघाला होता.

"अहो, जरा बसा."

तो डबा हातात धरूनच बसला.

"मी लग्नाच्या आधीच नापास झाले होते. जूनमध्ये निकाल लागला, लग्न डिसेंबरात. घरी कोणाला सांगितलं नाही. तुमच्या आई म्हणाल्या, आता कॉलेज बास, आणि तुम्ही गप्प राहिलात. तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं."

मनोज डब्याची कडी उघडत नि लावत राहिला.

"कुठल्या विषयात?"

"फिजिक्स. आणि गणित."

खाली कॉलनीच्या नळावर बायकांचा गलका चालला होता. तो थोडा कमी झाला, मग पुन्हा वाढला.

"पुण्याच्या वेळी तरी सांगायचं," मनोज म्हणाला.

"हो."

तो ओरडला नाही. डबा तिच्यासमोर ठेवून तो उठला आणि बाहेर गॅलरीत जाऊन कठड्याला टेकून उभा राहिला.

मीनाने डबा उचलला. झाकणाला मेथीची दोन पानं चिकटली होती. मोरीत बसून तिने नळ सोडला आणि राख घेऊन डबा घासू लागली. एक कप्पा झाला, दुसरा झाला.

"गणितात किती पडले होते?" बाहेरून आवाज आला.

"एकोणीस."

तो हसला, असं तिला वाटलं. पण नळ चालू होता.